रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? पहिल्यांदा निवडणाऱ्यांसाठी

नेमबाजी शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल? बहुतेकांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, "नवीन आहेस ना, मग रिव्हॉल्व्हरच घे, सोपं पडतं." बरीच वर्षं रेंजवर नवख्यांच्या शेजारी उभं राहून मी शिकवतो आहे, आणि या सल्ल्यातलं अर्धंच खरं आहे असं माझं ठाम मत झालंय. रिव्हॉल्व्हर समजायला सोपं आहे, पण त्यावर नेम बसायला वेळ लागतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावर नेम लवकर बसतो, पण ते नीट समजून घ्यायला वेळ लागतो. कष्ट दोन्हीकडे आहेत, फक्त वेगवेगळ्या जागी. आपल्याला कोणते कष्ट झेपतील हे ओळखायचं असेल तर खालच्या पायऱ्या क्रमानेच चढा. खरेदी शेवटी येते.

बोलताना आपण दोन्हींना सरसकट पिस्तूल म्हणतो. या लेखात पिस्तूल म्हणजे मॅगझीन लागणारं सेमी-ऑटोमॅटिक, एवढं लक्षात असू द्या.

पायरी १: कायदा आणि कारण

शस्त्राचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, काही ठिकाणी एकाच देशातल्या प्रांताप्रांतात बदलतात. कोणत्या बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) शस्त्र चालतं, मॅगझीनमध्ये किती राउंड, म्हणजे काडतुसं, चालतात, काडतुसं किती बाळगता येतात, शस्त्र प्रवासात कसं न्यायचं, हे सगळं परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून आधी लेखी समजून घ्या. दुकानदाराच्या किंवा मित्राच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

मग स्वतःला विचारा, हे कशासाठी हवंय? खेळासाठी हवं असेल तर निवड बहुतेक वेळा खेळाचे नियमच करून टाकतात. ऑलिम्पिकमधल्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आधी ८ सेकंदांत, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत झाडायच्या असतात. तिथे .२२ इंच बोअरचं सेमी-ऑटोमॅटिकच लागतं. त्या वाटेने जायचं असेल तर सुरुवात एअर पिस्तुलाने करा, हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

स्वसंरक्षणासाठी हवं असेल तर घरात कोण कोण राहतं याचा विचार आधी करा. घरात कुणी मनाने खचलेलं असेल, जिवावर उदार झाल्यासारखं बोलत असेल, तर शस्त्र घरात आणूच नका. आधीच असेल तर ते कायद्याने चालेल अशा ठिकाणी घराबाहेर ठेवायची सोय करा आणि त्या माणसाला मदत मिळवून द्या. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल हा प्रश्न त्यानंतरचा.

पायरी २: चार नियम

अमेरिकी नेमबाजी-शिक्षक जेफ कूपर यांनी घालून दिलेले हे चार नियम जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच समजा. ज्याचा नाश करायची तुमची तयारी नाही त्याच्याकडे नळीचं तोंड कधीही वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, चौकटीला चिकटून सरळ ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा.

हे नियम पाठ असणं पुरेसं नाही, ते हातात मुरले पाहिजेत. प्लास्टिकचं निळं सरावाचं पिस्तूल घेऊन जो माणूस बोट आपोआप बाहेर ठेवतो, त्यालाच मी पुढच्या पायरीवर नेतो.

पायरी ३: दोन्ही यंत्रं उघडून बघा

रिव्हॉल्व्हरची आजची कल्पना मुळात सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं तीच आहे. एक नळी, तिच्या मागे फिरणारा सिलिंडर आणि सिलिंडरमध्ये पाच-सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. ट्रिगर ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतो, मागचा हॅमर (घोडा) मागे जातो आणि सुटून काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, आदळतो. गोळी गेल्यावर उरलेल्या रिकाम्या पुंगळ्या घरातच राहतात. सिलिंडर बाजूला काढून, पुढचा दांडा दाबून, त्या हाताने बाहेर पाडायच्या.

पिस्तुलात घर एकच, नळीच्या मागच्या टोकाला. त्याला चेंबर म्हणतात. काडतुसं मुठीतल्या मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात. बार उडाला की वरची स्लाइड जोराने मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझीनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि पिस्तूल पुढच्या गोळीसाठी तयार होतं. जॉन ब्राउनिंगने आखलेलं आणि अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेलं .४५ चं पिस्तूल हेच करायचं, आणि ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकात घेतलेलं १७ राउंडांचं ग्लॉकही हेच करतं.

आता एक गोष्ट नीट मनात ठसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिव्हॉल्व्हर तुमच्या बोटाच्या ताकदीवर चालतं, पिस्तूल काडतुसाच्या ताकदीवर. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर फिरवायचं आणि हॅमर ताणायचं काम तुमचं बोट करतं, म्हणून त्याचा ट्रिगर जड. पिस्तुलात ते काम बाराचा जोर करतो, म्हणून ट्रिगर हलका. पण काडतूस कमजोर निघालं किंवा तुमची पकड ढिली पडली, की ते काम अर्धवट राहतं आणि पिस्तूल अडकतं. रिव्हॉल्व्हरला तुमची पकड ढिली असली काय, घट्ट असली काय, सिलिंडर फिरायला फरक पडत नाही.

पायरी ४: रिकामं करायला शिका

गोळी झाडायच्या आधी ही पायरी पक्की करा. दोन्ही शस्त्रांमधला सगळ्यात मोठा फरक मला इथेच दिसतो.

रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं तर नळी सुरक्षित दिशेला धरायची, खटका दाबून सिलिंडर डावीकडे काढायचा, दांडा दाबून सगळं बाहेर पाडायचं आणि घरं मोजायची. सगळ्या घरांमधून आरपार उजेड दिसला पाहिजे. मोजताना अंधार असेल तर बोटाच्या टोकाने एकेक घर चाचपा. एवढंच.

पिस्तुलाचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझीन काढलं, तर स्लाइडने पुढे येताना एक नवं काडतूस चेंबरमध्ये भरलेलं असतं. मॅगझीन तुमच्या हातात आणि गोळी नळीत.

एकदा एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे शिकायला आले होते. शांत, काळजीपूर्वक वागणारे. सराव झाल्यावर त्यांनी मॅगझीन काढून टेबलावर ठेवलं, पिस्तूल शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "झालं, रिकामं आहे." मी म्हटलं, "एकदा स्लाइड ओढा." त्यांनी ओढली. पिवळं चकचकीत काडतूस उडून टेबलावर पडलं आणि घरंगळत माझ्या हाताशी येऊन थांबलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर वर्षभर मी पाहिलं, ते प्रत्येक वेळी तीनदा तपासायचे.

काही पिस्तुलांत मॅगझीन काढल्यावर ट्रिगर काम करत नाही अशी सोय असते. बऱ्याच पिस्तुलांत नसते. त्या सोयीच्या भरवशावर तपासणी टाळायची नाही. हा क्रम डोळे मिटूनही चुकणार नाही इतका बसला नसेल, तर पिस्तूल विकत घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

पायरी ५: हातात बसतं का ते बघा

रिकामं केलेलं, शिक्षकाने तपासलेलं शस्त्र हातात घ्या. हाताच्या पंजाचा अंगठ्याजवळचा खळगा मुठीच्या जितका वर बसेल तितका बरा, आणि नळी कोपरापर्यंतच्या हाताच्या सरळ रेषेत आली पाहिजे. आता ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर पोचतं का? पोचण्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल तर ते शस्त्र तुमच्यासाठी मोठं आहे. रिव्हॉल्व्हरची मूठ बदलता येते आणि बाजारात लहान-मोठ्या मुठी मिळतात. पिस्तुलाच्या मुठीत मॅगझीन असल्यामुळे ती फार लहान करता येत नाही. हल्ली मागची पट्टी बदलता येते, पण तेवढंच.

पिस्तूल असेल तर स्लाइड ओढून बघा. बरेच जण चिमटीत धरून ओढतात आणि हरतात. योग्य रीत अशी: पिस्तूल छातीजवळ आणा, नळी पुढेच ठेवा, दुसऱ्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडवर वरून घट्ट बसवा, स्लाइड तिथेच धरून ठेवा आणि पिस्तुलाची मूठ पुढे ढकला. ढकलायची ताकद ओढायच्या ताकदीपेक्षा जास्त असते. एवढं सांगितल्यावर "मला जमत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना जमतं. तरीही जमलं नाही तर मोठ्या आकाराचं पिस्तूल धरून बघा. लहान पिस्तुलांच्या स्प्रिंगा बऱ्याचदा जास्त कडक असतात, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. काही कंपन्या सोप्या स्लाइडची पिस्तुलंही बनवतात, आणि बेरेटाच्या काही लहान पिस्तुलांत नळीच वर उचलून काडतूस भरता येतं.

डावखुऱ्यांनी रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडून भरून नक्की बघावा. खटका उजव्या अंगठ्यासाठी डाव्या बाजूला असतो, त्यामुळे डावखुऱ्याला हात बदलायची वेगळी रीत शिकावी लागते. बऱ्याच नव्या पिस्तुलांत मॅगझीनचं बटण बाजू बदलून लावता येतं.

दोन्हींची एकेक जखम आहे, ती आधीच सांगतो. पिस्तुलावर दुसऱ्या हाताचा अंगठा मागून आडवा टाकला तर मागे येणारी स्लाइड तो सोलून काढते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून दर बाराला गरम वायू बाजूला फुटतो. माझ्याकडे रेतीच्या पिशवीचं एक जुनं कापड आहे, त्यावर रिव्हॉल्व्हर टेकवून नेम धरायचो. त्यावर दोन्ही बाजूंना करपून फाटलेल्या रेघा आहेत. नवख्याने अंगठा पुढे सरकवायला सुरुवात केली की मी त्याला ते कापड दाखवतो. दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

पायरी ६: ट्रिगरची ओळख

रिव्हॉल्व्हर नेमाला अवघड का, याचं उत्तर इथे आहे. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे हॅमर हाताने न ताणता सरळ ट्रिगर ओढला तर, साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा ताण बोटाने लावावा लागतो, आणि तोही लांब प्रवासात. शस्त्राचं स्वतःचं वजन बऱ्याचदा किलोच्या आतच. आपल्या वजनाच्या पाचपट जोर लागत असताना ते हातात स्थिर ठेवायचं आहे. तुलनेसाठी सांगतो, १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाने किमान ५०० ग्रॅम ताण लागतो.

हॅमर अंगठ्याने मागे ताणून ट्रिगर ओढला तर ताण दीड-दोन किलोवर येतो आणि गोळी सुंदर बसते. नवखे लगेच याच्या प्रेमात पडतात. कागदावर नेम धरायला ते ठीक आहे, पण ताणलेला हॅमर न झाडता परत खाली सोडणं हे जोखमीचं काम आहे. अंगठा निसटला की बार उडतो. म्हणून मी शिकवताना आधी डबल ॲक्शनच घेतो.

पिस्तुलात तीन घराणी आहेत. पहिल्यात बाहेर हॅमर दिसत नाही आणि प्रत्येक वेळी ट्रिगर सारखाच लागतो, साधारण अडीच किलोच्या आसपास. ग्लॉक त्यातलं. दुसऱ्यात पहिली गोळी जड ट्रिगरने आणि पुढच्या हलक्या ट्रिगरने जातात. बेरेटा ९२ असं आहे. तिसऱ्यात १९११ सारखी पिस्तुलं येतात, ज्यांचा हॅमर आधी ताणलेला असावा लागतो, बाहेर सेफ्टीचा खटका असतो आणि ट्रिगर अगदी हलका. पहिल्या शस्त्रासाठी मी पहिलं घराणं सुचवतो, कारण प्रत्येक ओढीला बोट एकच धडा शिकतं. पण हलका ट्रिगर म्हणजे चुकीला कमी वाव, हे विसरू नका. जिथे बाहेर सेफ्टीचा खटका नाही, तिथे बोट बाहेर ठेवण्याची सवय हीच खरी सेफ्टी.

पायरी ७: काडतूस ठरवा

सुरुवात .२२ ने करा. धक्का नगण्य, आवाज कमी, आणि चुका लपत नाहीत. .२२ ची काडतुसं कधीकधी उडत नाहीत, कारण त्यात स्फोटक मसाला काठावरच्या कडेत भरलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा पसरेलच असं नाही. हे शस्त्राचं अपयश समजू नका.

पुढे जाताना रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही जोडी भेटते. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, उलट मात्र अजिबात नाही. .३५७ ची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब केली आहे, ती याचसाठी. यामुळे .३५७ चं रिव्हॉल्व्हर घेऊन वर्षभर सौम्य .३८ ने सराव करता येतो. पिस्तुलात नवख्यासाठी ९ मिमी, म्हणजे ९ बाय १९, हे सगळ्यात सोयीचं. १९०२ पासूनचं काडतूस आहे, धक्का आटोक्यात असतो.

काडतुसाच्या डब्यावरचं नाव नळीवर कोरलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. .३८ स्पेशल, .३८ सुपर आणि .३८० एसीपी ही तिन्ही वेगवेगळी काडतुसं आहेत. "अडतीस द्या" असं म्हणून काडतुसं घेऊ नका.

पायरी ८: एकाच दिवशी दोन्ही चालवा

कानांवर आणि डोळ्यांवर संरक्षण चढवून, शिक्षकाच्या देखरेखीखाली, क्लबची शस्त्रं घेऊन हे करा. हातबंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एका बाराने कानाला कायमची इजा होऊ शकते. गळ्याशी बंद सदरा घाला, कारण पिस्तुलाची तापलेली पुंगळी गळ्यातून आत जाते आणि माणूस दचकून हातातलं शस्त्र वाटेल तिकडे फिरवतो.

सात मीटरवर कोरा कागद लावा, मध्ये हाताच्या तळव्याएवढा गोल काढा. रिव्हॉल्व्हरने डबल ॲक्शनमध्ये पाच-पाचच्या चार फेऱ्या, पिस्तुलानेही तशाच चार. प्रत्येक फेरीला वेगळा कागद. घाई नको. शेवटी कागद शेजारी मांडा आणि दोन गोष्टी बघा: गोळ्या गोलात किती बसल्या, आणि चौथी फेरी पहिलीपेक्षा सुधारली की बिघडली. बिघडली असेल तर ते शस्त्र तुम्हाला दमवतंय. माझ्या लेखी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त सांगते.

बहुतेकांच्या गोळ्या खाली जातात. कारण बाराची भीती. बार उडायच्या क्षणी हात आपोआप खाली दाबला जातो आणि धक्क्यात ते दिसत नाही. ते दाखवायला रिव्हॉल्व्हरसारखं साधन नाही. मी सहापैकी चार घरांत काडतुसं आणि दोन घरांत उडालेल्या पुंगळ्या भरतो, सिलिंडर फिरवून लावतो आणि शस्त्र शिकणाऱ्याच्या हातात देतो. एक तरुणी होती, सगळे कागद खालच्या बाजूला चाळण झालेले, आणि ती साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, दोष देत होती. तिसऱ्या ओढीला नुसती "टक्" झाली आणि नळी दोन बोटं खाली गेली. बार झालाच नव्हता, तरी नळी गेली. तिने माझ्याकडे वळून न बघता, नळी पुढेच ठेवून विचारलं, "हे मी करतेय?" अर्ध्या तासाने तिच्या गोळ्या गोलात बसायला लागल्या होत्या. पुढे तिने पिस्तूल घेतलं, पण धडा रिव्हॉल्व्हरने दिला. हीच गोष्ट पिस्तुलात मॅगझीनमध्ये मधूनच नकली काडतूस घालून करता येते.

पायरी ९: अडकलं तर

रेंजवर ट्रिगर ओढूनही बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडे धरून तीस सेकंद थांबा, कारण काडतूस उशिरा उडू शकतं. मग शिक्षकाच्या सांगण्यानुसार रिकामं करा.

पिस्तुलाचे घोळ वारंवार होतात, पण हाताने सुटतात. पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकते, काडतूस वर चढत नाही, किंवा जुनी पुंगळी आत असतानाच नवं काडतूस घुसायला बघतं. पहिल्या दोन्हींत मॅगझीन खालून ठोकायचं आणि स्लाइड पूर्ण ओढून सोडायची. तिसऱ्यात मॅगझीन ओढून काढायचं, स्लाइड तीन-चारदा ओढायची, मगच पुन्हा भरायचं. नवख्यांच्या बाबतीत यामागे बऱ्याचदा ढिलं मनगट असतं, पिस्तुलाचा दोष नसतो.

रिव्हॉल्व्हर क्वचित अडकतं, आणि अडकलं की बऱ्याचदा तिथल्या तिथे सुटत नाही. पुंगळ्या काढणाऱ्या चांदणीखाली पावडरचे कण साठले किंवा पुंगळीची कड तिच्याखाली गेली, तर सिलिंडर बंद होत नाही. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतुसं वापरली तर शेजारच्या घरातली गोळी धक्क्याने पुढे सरकून सिलिंडर जाम करते. पुंगळ्या पाडताना नळीचं तोंड वर ठेवा, रेंजने परवानगी दिलेल्या दिशेला, म्हणजे कचरा मागे पडतो. भरताना तोंड खाली.

दोन्हींमध्ये फुसका बार झाला, म्हणजे नेहमीपेक्षा दबका आवाज आणि धक्का जवळजवळ नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा बार झाला तर नळी फुटते.

पायरी १०: आता ठरवा

महिन्यातून दोनदा तरी रेंजवर जाणार असाल, स्लाइड जमत असेल आणि चौथ्या पायरीतला क्रम हातात बसला असेल, तर मध्यम आकाराचं ९ मिमीचं पिस्तूल घ्या. शिकण्याचा वेग जास्त मिळेल.

सांधे दुखत असतील, स्लाइड कोणत्याही रीतीने जमत नसेल, किंवा सरावात महिनोन् महिने खंड पडणार हे आधीच माहीत असेल, तर तीन-चार इंची नळीचं, पूर्ण पोलादी .३८ किंवा .३५७ रिव्हॉल्व्हर. पण आधी डबल ॲक्शनचा ट्रिगर तीसेक वेळा सलग ओढून बघा. ज्या बोटांना स्लाइड पेलत नाही, त्यांना पाच किलोचा ट्रिगरही जड जाऊ शकतो.

पहिलं शस्त्र म्हणून खिशात मावणारं हलकं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर घेऊ नका. ते बघायला सोपं वाटतं, पण त्याचा धक्का मनगटात भिनतो, साइट नखाएवढी असते, आणि दोन डबे काडतुसं संपेपर्यंत माणूस सराव टाळायला लागतो. असं अर्धवट वापरून कपाटात पडलेलं किती बघितलंय.

जुनं, सिंगल ॲक्शनचं, म्हणजे दर वेळी हॅमर हाताने ताणावा लागणारं रिव्हॉल्व्हर वारशाने मिळालं असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय भरू नका. जुन्या पद्धतीच्या रचनेत हॅमर सरळ काडतुसावर टेकतो आणि शस्त्र पडलं तर बार उडतो. म्हणून त्यात सहापैकी पाचच भरून हॅमरखालचं घर रिकामं ठेवायची रीत होती. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर आणि पिनच्या मधली पट्टी आणून हा धोका काढला.

पायरी ११: घरी आणल्यावर

साफसफाईआधी प्रत्येक वेळी रिकामं करा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. काही पिस्तुलं खोलताना ट्रिगर ओढावा लागतो, आणि चेंबर न बघता तो ओढल्याने अपघात होतात. पिस्तुलात नळी, चेंबर आणि स्लाइडच्या रुळांवर लक्ष द्या. रिव्हॉल्व्हरमध्ये सगळी घरं, नळीचं मागचं तोंड आणि चांदणीखालची जागा. .३८ बरेच झाडले असतील तर .३५७ च्या घरांत काजळीचं कडं साठतं आणि लांब काडतूस आत जात नाही, ते ब्रशने काढा. तेल थोडंच लावा, ते काडतुसांच्या प्रायमरपर्यंत पोचता कामा नये. नंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, कारण काजळीत शिसं असतं.

घरी कोरडा सराव, म्हणजे रिकाम्या शस्त्राने ट्रिगर ओढणं, रोज दहा मिनिटं करा. पुढच्या साइटवर नाणं ठेवून ते न पाडता ट्रिगर ओढता आला की हात तयार होतोय. .२२ मध्ये मात्र नकली काडतूस घातल्याशिवाय कोरडा ट्रिगर ओढू नका, बऱ्याच शस्त्रांत आतली पिन घराच्या कडेवर आदळते. पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा.

शस्त्र लोखंडी पेटीत, कुलपात ठेवा. रिव्हॉल्व्हरला सिलिंडर उघडा ठेवून वरच्या पट्टीतून तारेचं कुलूप घाला, पिस्तुलाला स्लाइड मागे ठेवून चेंबरमधून. काडतुसं वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवू नका, आणि त्या कुठे आहेत हे घरातल्या मुलांना माहीत नाही याची खात्री दर महिन्याला करा. मुलं शोधून काढतात.